छापलेली हाडं आणि फोनमधलं रक्त: चिपळुणात नऊ महिने वापरून

गेल्या मे महिन्यात आमच्या विभागात थ्री-डी प्रिंटर आला, सोबत एआरचं, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून समोर त्रिमितीय अवयव दाखवणारं ॲप. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवते. आता जानेवारी संपत आलाय. एक अख्खा पावसाळा काढलाय, म्हणजे लिहायला हरकत नाही.

आधी छापलेली हाडं. मनगटातल्या 8 हाडांचे वीसेक संच काढले. पिशवीत हात घालायचा, न बघता हाड ओळखायचं. यात बंदरावरची पोरं पुढे. लहानपणापासून मासळी साफ केलेली, बोटांना कळतं. पुस्तकातल्या आकृतीपाशी हीच पोरं अडखळतात. उणीव म्हणजे वजन नाही, आत नुसती जाळी. बारीक छिद्रं थरांत बुजतात. फीमरमध्ये, म्हणजे मांडीच्या हाडात, रक्तवाहिनी शिरते ते भोक मी तापवलेल्या सुईने पाडलं. खऱ्या हाडांची जुनी पेटी अजून लागतेच.

एआर एका ठिकाणी मात्र जिंकलं. स्कॅफॉइडला, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याकडच्या हाडाला, रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, म्हणून ते मध्ये मोडलं तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो. फळ्यावर बाण काढून मी हे वर्षानुवर्षं सांगितलं. फोनमध्ये रक्त उलटं येताना दिसलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, माझा भाऊ जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरला ना, तेव्हा पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं!’ पुढचा तास त्या भावावरच गेला.

बाकी एआर कंटाळवाणं. फोन तापतो, खिडकीतलं ऊन मार्करवर, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखायच्या छापील चित्रावर, पडलं की हृदय उडी मारतं, जुन्या फोनवर चालतच नाही. चौघांत एक फोन. धरणारा शिकतो, उरलेले तिघे मान वाकडी करतात. आता मी दहा मिनिटांवर देत नाही.

पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, ओल धरतं. प्रिंटर पापड तळल्यासारखा तडतडतो, हाडांना केस फुटतात. आता रीळ पोह्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. विजेचं काय करायचं ते सुचलेलं नाही. जुलैत एक कवटी भुवयांपर्यंत येऊन थांबली, ती तशीच कपाटावर आहे.

आणि ऊन. पीएलए, म्हणजे त्या तारेचं प्लास्टिक, साठेक अंशांना मऊ पडतं हे वाचलं होतं, तरी पहिल्याच महिन्यात बाईचं पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, बंद गाडीत विसरले. पुढचा कोन ताणलेल्या अंगठा-तर्जनीएवढा हवा, तो आवळून तर्जनी-मधल्या बोटाएवढा झाला. पुरुषाचा असतो तसा. टाकलं नाही. तोंडी परीक्षेत ठेवते. खोड आतापर्यंत तिघांनीच पकडली.