ठराविक अक्षरांचा इंग्लिश शब्द शोधायचाय: वर्ड फाइंडर, वनलुक की स्वतःची यादी?

शब्द किती अक्षरी आहे ते माहितीय, त्यातली दोन-तीन अक्षरंही हातात आहेत, पण शब्द काही केल्या आठवत नाही. अशा वेळी लोक साधारण तीन गोष्टी करतात. वर्ड फाइंडरची कुठलीतरी साइट उघडतात, नाहीतर वनलुक या डिक्शनऱ्यांमधे शोधणाऱ्या साइटवर पॅटर्न (माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी चिन्हं) टाकतात, आणि थोडेफार लोक शब्दांची यादीच डाउनलोड करून त्यात स्वतः शोधतात. मी तिन्ही बरीच वर्षं केलंय आणि आता तिसऱ्यावर येऊन थांबलोय. तुम्हाला तेच सोयीचं पडेल असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्ड फाइंडर कसे असतात ते तुम्हाला माहितीच आहे. लांबी, सुरुवात, शेवट, आणि मधे ‘ही अक्षरं असलेले’ असा एक बॉक्स. माझं सगळं बिनसलं ते या बॉक्सवर. एका शब्दखेळात मला ए, आर आणि टी ही तीन अक्षरं मिळाली होती, शब्द पाच अक्षरी. बॉक्समधे तिन्ही टाकली, तर चार्ट, स्मार्ट, पार्टी, हार्ट, स्टार्ट वगैरे आले, त्यातला एकही माझ्या खुणांमधे बसेना, मी दोनदा सगळी यादी वाचली आणि शेवटी वाटलं की आपणच आधीची कुठलीतरी खूण चुकीची वाचलीय, म्हणून भलताच शब्द टाकून मोकळा झालो. उत्तर निघालं एक्स्ट्रा. इतका साधा, रोजचा शब्द! मग लक्षात आलं की आलेल्या प्रत्येक शब्दात ए-आर-टी हे ओळीने, एकाला एक चिकटून होते. त्या साइटच्या मते ‘असलेले’ म्हणजे सलग असलेले. दुसऱ्या साइटवर तोच बॉक्स अक्षरं कुठेही चालतात असं धरतो, तिसरीकडे दोन्हीसाठी वेगळे बॉक्स आहेत आणि नावं इतकी सारखी की दर वेळी गोंधळ होतो. शब्द सापडला नाही याचं मला इतकं काही नाही, पण साइट ‘नाही’ म्हणते तेव्हा तो शब्द खरंच नाही की तिने शोधलाच नाही, हे कळायला मार्ग नाही हे मला फार खटकतं.

तरी साइटच वापरणार असाल तर (आणि फोनवर तीच सगळ्यात सोपी, हे मान्य) एक छोटी परीक्षा घेऊन बघा. लांबी पाच, अक्षरं ए-आर-टी टाका आणि यादीत वॉटर येतो का बघा. नाही आला तर ती साइट सलग अक्षरं शोधतेय. मग बॉक्समधे ई दोनदा टाका. आता मात्र वॉटर यायला नको, कारण त्यात ई एकदाच आहे, आला तर साइट दुसऱ्या ई कडे लक्षच देत नाहीये असं समजा.

वनलुक या बाबतीत खूपच सरळ आहे, तिथे चिन्हांचे अर्थ पक्के. एक प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, स्टार म्हणजे कितीही अक्षरं, आणि स्वल्पविराम देऊन अटी जोडता येतात. म्हणजे पाच प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम, मग प्रत्येक अक्षर दोन्ही बाजूंना स्टार लावून. व्यंजनासाठी आणि स्वरासाठीसुद्धा वेगळी चिन्हं आहेत. शब्दकोड्यात जागा ठरलेल्या असतात, दुसरं अक्षर आर आणि शेवटचं ई वगैरे, तिथे मी अजूनही वनलुकच उघडतो. फक्त तिथे अनेक डिक्शनऱ्या एकत्र असल्यामुळे विशेषनामं, संक्षेप, जोडशब्द असं सगळंच येतं, कोड्यात ते कामाचं, पण स्क्रॅबलसाठी निवडत बसावं लागतं.

आता यादी. मी एनेबल नावाची वापरतो. ती सार्वजनिक आहे, १,७२,००० च्या वर शब्द आहेत, त्यातले पाच अक्षरी साधारण साडेआठ हजार. मॅकमधे आयती एक यादी असते पण ती १९३४ च्या वेबस्टर डिक्शनरीवरून घेतलेली, २,३०,००० च्या वर शब्द असूनही बहुतेक अनेकवचनं नाहीत, त्यामुळे खेळासाठी मला ती जमली नाही. स्पर्धेचं स्क्रॅबल खेळत असाल तर मात्र एनेबलवर विसंबू नका. तिथे कॉलिन्स या प्रकाशकाची किंवा उत्तर अमेरिकेतली अधिकृत यादीच चालते आणि दोन्हींत बराच फरक आहे.

शोधायला मी ग्रेप वापरतो, म्हणजे फाइलमधल्या हव्या त्या ओळी गाळून काढणारी एक कमांड. तिथे एक टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, आणि एक्स हा ऑप्शन म्हणजे पूर्ण ओळ जुळली पाहिजे. पाच टिंबं आणि एक्स दिला की फक्त पाच अक्षरी ओळी उरतात, मग तेच पुढे ए साठी, पुढे आर साठी, पुढे टी साठी, एकाखाली एक चाळण्या लावल्यासारखं. नको असलेल्या अक्षराला व्ही ऑप्शन. क्रमाचा प्रश्नच येत नाही, कारण प्रत्येक चाळणी एकच अक्षर बघते, आणि ई दोनदा हवा असेल तर दोन ई च्या मधे टिंब आणि स्टार (मधे कितीही अक्षरं चालतील, असा अर्थ). कमांड नको वाटत असतील तर हेच एक्सेलमधे लांबीचा एक कॉलम आणि प्रत्येक अक्षराचा एक कॉलम करून होतं, जरा वेळ जातो इतकंच. यात शेवटी काहीच उरलं नाही तर मला खात्री असते की यादीत तसा शब्द नाही, आणि मग मी निश्चिंतपणे माझ्या खुणा परत तपासतो.

पहिल्या दिवशी एक अडचण येऊ शकते, मला आली होती. पाच टिंबं दिली आणि सगळे चार अक्षरी शब्द आले. फाइल विंडोजवर सेव्ह झालेली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर होतं आणि ग्रेप तेही मोजत होता. एडिटरमधे उघडून ओळींचे शेवट युनिक्सचे (म्हणजे त्या जादा अक्षराशिवायचे) करून सेव्ह केलं, तेव्हापासून आकडा बरोबर येतोय.