फोटो एडिटिंग शिकायचं तर ब्रेसाँ की अ‍ॅडम्स?

फ्रेंच फोटोग्राफर आन्री कार्तिए-ब्रेसाँ चौकट शटर दाबतानाच पक्की करायचा. नंतर क्रॉप करणं, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, त्याला पटायचं नाही. (डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२चा फोटो मात्र क्रॉप केलेला आहे.) नजर तयार करायला त्याचेच फोटो बघावेत.

अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं उलट. १९४१ साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या चंद्रोदयाच्या प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळंभोर. डार्करूममध्ये, म्हणजे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, कागदाच्या एखाद्या भागावर जास्त प्रकाश पाडला की तो गडद होतो. हेच बर्निंग आज एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या ब्रशने करता येतं.

एडिटिंगसाठी मी अ‍ॅडम्सच निवडेन. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) उघडा, फक्त आकाशाला मास्क लावा, म्हणजे बदल तेवढ्याच भागात होईल, आणि एक्स्पोजर (उजळपणा) हळूहळू उतरवत न्या. मूळ फाइल शाबूत राहते, तेव्हा बिनधास्त करा.