कॅनन ईओएस १५००डी : पहिला डीएसएलआर, वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी हा कॅमेरा घरी आला आणि तेव्हापासून कपाशीची वेचणी, सारंगखेड्याची यात्रा, वैशाखातले ऊन आणि एक पावसाळा एवढे सगळे त्याच्यातून पाहून झाले आहे. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर केवळ कौतुक लिहिले असते आणि तिसऱ्या महिन्यात लिहिले असते तर केवळ तक्रार. दोन्ही वेळा कॅमेरा तोच होता आणि न कळणारी मी होते.

मी अमळनेरला राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. खरेदीसाठी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगाव गाठले, कारण एवढ्या किमतीची वस्तू हातात घेऊन, शटर दाबून, मगच घ्यायची असे ठरवले होते. दुकानदाराने सुरुवातीलाच सांगितले की आता लोक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे घेतात आणि दोन्ही मोठ्या जपानी कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले आहे. त्याचे म्हणणे खरे होते. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. तरीही १८-५५ मिलिमीटरच्या लेन्ससह मिळणारा १५००डी मी निवडला, कारण त्या दुकानातले मिररलेस माझ्या ऐपतीबाहेरचे होते आणि दुसरे म्हणजे डोळा लावून पाहण्याची ती काचेची खिडकी मला हवी होती. पडद्यावर पाहून फोटो काढायचे असतील तर फोन होताच.

खरेदीच्या वेळी एक काळजी मात्र आवर्जून घेतली आणि ती इतरांनीही घ्यावी. खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला आणि बिलावर लिहिलेला अनुक्रमांक एकच आहे हे तिथेच ताडून पाहिले आणि भारतातील हमीपत्रावर शिक्का घेतला. पिशवी, तिपाई आणि लेन्ससमोर लावायची काच म्हणजे यूव्ही फिल्टर हे तीन नग दुकानदाराने ‘भेट’ म्हणून दिले. पिशवी चांगली आहे. तिपाई वाऱ्यात डुलते. फिल्टरबद्दल पुढे लिहितेच.

आता मुख्य गोष्ट. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जाऊन आणखी परावर्तने होत डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि बटण दाबल्याक्षणी आरसा वर उचलला जाऊन प्रकाश मागच्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. म्हणजे खिडकीत आपण पाहतो ते प्रत्यक्ष दृश्य असते. चित्र अजून झालेलेच नसते. फोनच्या पडद्यावर दिसते ते आधीच शिजवून वाढलेले ताट असते, इथे समोर शिधा असतो. हा फरक मला पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा पाठ होता, पण हाताला कळायला वर्ष लागले, आणि या कॅमेऱ्याबद्दल जे चांगले-वाईट मला सांगायचे आहे ते बहुतेक सगळे या एका फरकातून निघते.

पहिले पंधरा दिवस तर खिडकीतून सगळे धूसरच दिसत होते. फोटो स्वच्छ येत होते, पण पाहताना धुके. लेन्स खराब निघाली असे समजून जळगावला परत जाण्याची तयारी केली होती. तेवढ्यात भाच्याने खिडकीच्या उजव्या कडेला असलेले छोटे चाक फिरवून दाखवले. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती खिडकी जुळवून घ्यावी लागते हे माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांतच लिहिलेले आहे. माहितीपुस्तिका मी वाचलेली नव्हती. विद्यार्थ्यांना प्रयोगाआधी कृती वाचायला सांगणाऱ्या बाईंची ही गत.

त्यानंतर लक्षात आले की खिडकीत चित्राचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो. उरलेला भाग कडांना असतो आणि विजेची तार, शेजाऱ्याचे कोपर, बैलाचे अर्धे शेपूट अशा गोष्टी नेमक्या त्या कडांतूनच चित्रात शिरतात. महागड्या कॅमेऱ्यांत ही खिडकी पूर्ण शंभर टक्के असते. या किमतीत ती तशी मिळत नाही. उपाय सोपा आहे. कडेला थोडी जागा सोडून पाहायचे आणि नंतर छाटायचे. २४.१ मेगापिक्सेलच्या चित्रात तेवढी छाटणी सहज खपते.

खरी परीक्षा प्रकाशाची होती. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ओसरीत वेचलेला कापूस छतापर्यंत रचला होता आणि त्याच्यावर खेळणाऱ्या पोरांचे फोटो मी काढले. खिडकीत कापूस दुधासारखा पांढरा दिसत होता, चित्रात तो राखेसारखा आला. दुसऱ्या दिवशी पावसाने ओली झालेली काळी जमीन टिपली, तर ती उडदासारखी काळी येण्याऐवजी सिमेंटसारखी फिकट आली. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्याला तो काळवंडतो आणि काळ्याला उजळतो. अर्थात त्याला कापूस आणि जमीन यांतला फरक कळावा ही अपेक्षाच चुकीची; तो फरक आपण सांगायचा. मागच्या बाजूचे ‘एव्ही’ लिहिलेले अधिक-उण्याचे बटण धरून वरचे चाक फिरवले की झाले. कापसासाठी मी आता साधारण एक स्टॉप वाढवते, म्हणजे प्रकाश दुप्पट करते, आणि काळ्या रानासाठी तेवढाच कमी करते. खानदेशात ज्याला पांढरे सोने म्हणतात ते ज्या जमिनीत पिकते ती कोळशासारखी काळी, त्यामुळे प्रकाशमापकाला फसवण्याची दोन्ही उदाहरणे एकाच बांधावर मिळतात. शिकण्यासाठी याहून चांगली जागा शोधायला नको.

त्याच शेताच्या बांधावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उभे होते. ‘मना बी एक फोटू काढा ना, बाई,’ म्हणाले. भर दुपारची वेळ होती. खिडकीतून त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. फोटो काढून पडद्यावर दाखवला, तर टोपी पांढरीशुभ्र आणि तिच्याखाली चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आजोबांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘हाऊ कोन शे?’

डोळा एकाच वेळी उन्हातले आणि सावलीतले पाहू शकतो, सेन्सरला तेवढे झेपत नाही. वर्गात हे मी दरवर्षी वेगळ्या शब्दांत शिकवते. महिनाभराने पुन्हा त्याच बांधावर गेले, आणि या वेळी कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश दुपारच्या बारा वाजता उघडला. आजूबाजूचे लोक हसले. उन्हात दिवा कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. उत्तर असे की तो दिवा उन्हासाठी नसून टोपीखालच्या सावलीसाठी असतो. फ्लॅशसोबत या कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा वेगाने चालवता येत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, १०० वर आणि लेन्सचे छिद्र एफ/११ वर ठेवले (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान). आमच्याकडच्या निरभ्र उन्हाला हे माप बरोबर लागू पडते. आजोबा जेमतेम एका पावलावर उभे होते आणि तेवढ्या अंतरावर त्या छोट्या फ्लॅशचा प्रकाश पुरला. तो फोटो मोठा करून त्यांना नेऊन दिला आणि तो आता त्यांच्या ओसरीत लावलेला आहे.

रात्रीच्या बाबतीत मात्र सोबत मिळणारी १८-५५ लेन्स तोकडी पडते आणि हे घेण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. कार्तिकी एकादशीला जळगावच्या श्रीराम रथोत्सवात गेले. आयएसओ या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या कमाल मर्यादेला, म्हणजे ६४०० ला नेऊनही, ५५ मिलिमीटरवर छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नसल्यामुळे शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर अडकला. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते; रथ ओढणाऱ्यांना ती स्थिर करू शकत नाही. त्या रात्रीचे बहुतेक फोटो पुसट आले, आणि जे बरे आले त्यांत दिव्यांच्या विरुद्ध बाजूला हिरवट ठिपके उमटले होते. तो भेटीदाखल मिळालेल्या फिल्टरचा प्रसाद. चांगल्या लेन्ससमोर हलकी काच लावणे म्हणजे साजूक तुपात डालडा मिसळणे. फिल्टर काढून टाकला आणि ठिपके गेले.

मग ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स घेतली. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. वैशाखात आमच्या गावच्या संत सखाराम महाराजांच्या यात्रेत तीच लावून गेले. छिद्र एफ/२ वर ठेवल्यामुळे तशाच उजेडात आयएसओ ३२०० आणि शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर चालला, आणि रथापुढचे चेहरे जसे होते तसे मिळाले. या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे ही लेन्स ८० मिलिमीटरसारखी वागते. घरातल्या खोलीत ती फार जवळची वाटते, मिरवणुकीत मात्र नेमकी बसते. जवळून फोटो काढताना एक डोळा स्पष्ट आणि कान धूसर असे होते. खिडकीत दिसणारी धूसरता आणि चित्रात उतरणारी धूसरता सारखी नसते, हा धडा इथेही पुन्हा गिरवावा लागला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात या कॅमेऱ्याची दुसरी मर्यादा कळली. फोकससाठी त्यात नऊच बिंदू आहेत, त्यातला मधला सर्वांत भरवशाचा. आणि सलग फोटो काढायचे तर सेकंदाला तीन. उधळलेल्या घोड्याच्या चार पायांचा खेळ तीन फोटोंत सापडणे हा नशिबाचा भाग आहे. मी मधला बिंदू घोड्याच्या मानेवर ठेवला, फोकस सतत पाठलाग करील अशा स्थितीत नेला आणि अंदाजाने एकेकच फोटो काढत गेले. शंभरात दहा चांगले आले. घोड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांना हे पुरणार नाही, मला पुरले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. बॅटरी खिडकीतून पाहून काढल्यास पाचशेच्या आसपास फोटो देते आणि पडद्यावर पाहून काढल्यास निम्म्याने संपते. पडदा तीन इंचांचा, जागेवर पक्का आणि स्पर्शाला न ओळखणारा आहे. जमिनीलगतचा फोटो हवा असेल तर आपणच जमिनीवर आडवे व्हायचे. वाय-फायने फोटो फोनवर घेता येतात, थोडा धीर धरावा लागतो. बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही, त्यामुळे चित्रफितीसाठी हा कॅमेरा कोणी घेऊ नये. फोटो रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या स्वरूपात साठवल्यास कार्ड लवकर भरते, पण कापसाचा पांढरा रंग नंतर सावरायला वाव राहतो आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर कंपनी विनामूल्य देते.

धूळ आणि ऊन यांविषयी मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही, कारण इथे ती मोठीच बाब आहे. या कॅमेऱ्यात सेन्सर आपोआप झटकून घेण्याची यंत्रणा नाही. कापसाच्या दिवसांत हवेत तंतू तरंगत असतात आणि उन्हाळ्यात वावटळी. अशा वेळी लेन्स बदलली की आत काहीतरी गेलेच. मोठ्या छिद्रावर ते दिसत नाही, पण एफ/११ किंवा एफ/१६ वर मोकळ्या आकाशात करडे ठिपके दिसू लागतात. आता मी लेन्स घरात किंवा गाडीच्या काचा लावून बदलते, त्या वेळी कॅमेऱ्याचे तोंड खाली धरते आणि रबरी फुग्याने हवा मारते. तोंडाने फुंकत नाही, कारण थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट. कंपनीने वापरासाठी तापमानाची मर्यादा ४० अंश दिली आहे आणि आमच्याकडे एप्रिलपासूनच पारा तिच्या पुढे जातो. मे महिन्यात मी सकाळी नऊपर्यंत आणि सूर्य कलल्यावरच कॅमेरा बाहेर काढला. गाडीच्या डिकीत तो कधीही ठेवला नाही. सकाळ-संध्याकाळचा प्रकाशही चांगला असतो, तेव्हा यात तोटा काही झाला नाही.

घ्यावा की नाही, असे शाळेतले सहकारी विचारतात. ज्यांना घरच्या कार्यक्रमांचे फोटो हवेत त्यांना मी फोनच वापरा असे सांगते. ज्यांना शिकायचे आहे आणि खिशात पैसे मोजके आहेत, त्यांनी हा किंवा असाच एखादा जुना, चांगला राखलेला डीएसएलआर घ्यावा आणि वाचलेले पैसे ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये घालावेत. ही ईएफ जातीची लेन्स पुढे कॅननचा मिररलेस घेतला तरी अडॅप्टर लावून चालते, म्हणजे ते पैसे वाया जात नाहीत.

माझ्यापुरते पुढचे ठरले आहे. मागच्या हिवाळ्यात हतनूर धरणावर गेले होते तेव्हा ५५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये पाण्यावरची बदके मोहरीएवढी आली होती. ५५-२५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते आहे. पाखरे यायच्या आत रक्कम जमली तर ठीक, नाही तर यंदाही दुर्बिणीतूनच पाहीन.