मसलबरा लिंक्सवर आठ महिने: घड्याळ बंद पडल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहायला बसलो तो खरे तर एका घड्याळावरचा राग काढण्यासाठी. झेंड्यापर्यंतचे अंतर सांगणारे, खास गोल्फसाठी म्हणून घेतलेले ते घड्याळ पाचव्या महिन्यात बंद पडले. विकणाऱ्या कंपनीने ‘आत पाणी शिरले आहे, हमी लागू नाही’ असे कळवून दुरुस्तीचा जो आकडा पाठवला, त्यात थोडी भर घातली असती तर नवे घड्याळ आले असते. स्कॉटलंडमध्ये पावसात खेळायचे नसेल तर मग खेळायचे कधी, हा माझा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. पैसे भरण्यास मी साफ नकार दिला आणि घड्याळाविना खेळू लागलो. त्यामुळे हा लेख घड्याळाचा न राहता मैदानाचा झाला.

एडिंबऱ्याच्या पूर्वेला असलेले मसलबऱ्याचे गोल्फचे जुने मैदान वाचकांना माहीत असेलच: घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत बसवलेले नऊ होल (एकेका भोकापर्यंतचे खेळाचे टप्पे), आणि 1874 ते 1889 या काळात सहा वेळा इथे झालेली ओपन ही ब्रिटनमधली मानाची गोल्फ स्पर्धा. मी ते निवडले ते इतिहासासाठी नव्हे. नऊ होल दोन तासांत संपतात आणि अठरा होलच्या नामांकित मैदानांपेक्षा खिशाला बरेच हलके पडतात, एवढाच विचार त्यामागे होता. शर्यतीच्या दिवशी इथे खेळता येत नाही. वेळापत्रक न पाहता पिशवी खांद्यावर टाकून निघालो आणि हात हलवत परतलो, ही चूक सर्वस्वी माझीच.

पहिल्या चार महिन्यांत मत विचारले असते, तर होलच्या नावांना मी पाचपैकी दोन गुण दिले असते. ‘द ग्रेव्हज’, ‘मिसेस फोरमन्स’, ‘द बेदिंग कोच’, ‘द गॅस’ ही नावे पर्यटकांसाठी लावलेल्या तोरणासारखी वाटत, कारण घड्याळ मला फक्त आकडे सांगत असे आणि मी फक्त आकडे ऐकत असे. आकडे बंद झाल्यावर स्कोअरकार्डावर वाचण्यासारखे उरले ते नावच. दुसऱ्या होलला ‘द ग्रेव्हज’, म्हणजे ‘कबरी’, का म्हणतात हे एका वयस्क सोबत्याला विचारले, तेव्हा त्याने इंग्रज आणि स्कॉट यांच्यातल्या पिंकीच्या लढाईत पडलेले सैनिक या जमिनीत पुरले आहेत अशी इथली समजूत सांगितली. ती लढाई 10 सप्टेंबर 1547 रोजी जवळच झाली होती. त्या दिवसापासून तिथे माती उडवणारा फटका मारताना माझा हात थोडा आखडतो, आणि गुण वाढण्याऐवजी एक फटका वाढतो.

आता चौथा होल. त्यावर मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, हे आधीच कबूल करतो. मिसेस फोरमन या मैदानालगतच्या गुत्त्याच्या मालकीणबाई, आणि या लांब पार-चार होलचे (म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा होलचे) ग्रीन, भोकाभोवतीची ती बारीक हिरवळ, त्या गुत्त्यापाशीच आहे. 1870 साली थोरला विली पार्क आणि टॉम मॉरिस या त्या काळच्या नामांकित गोल्फपटूंमधल्या पैजेच्या सामन्यात गर्दीने इतकी ढवळाढवळ केली, की मॉरिस आणि पंच रॉबर्ट चेंबर्स खेळ थांबवून इथेच येऊन बसले. पार्क मात्र उरलेले होल एकटाच खेळला आणि पैज जिंकल्याचा दावा करून मोकळा झाला. हे कळल्यापासून त्या ग्रीनकडे जाताना मी उजवी-डावीकडचा उतार न पाहता, मॉरिसच्या जागी आपण असतो तर बाहेर आलो असतो का, याचाच विचार करतो. परिणामी आठ महिन्यांत या होलवर मला एकदाही पार मिळालेला नाही.

सातव्या महिन्यात लाकडी दांड्याचे हिकरी क्लब (चेंडू मारायच्या जुन्या धर्तीच्या काठ्या) भाड्याने घेतले. तो खर्च मला उधळपट्टी वाटत होता. आता मत बदलले आहे. हिकरीचा दांडा फटक्यानंतरही तळहातात क्षणभर थरथरत राहतो, आणि चेंडू नेमका लागला नाही तर ती थरथर कोपरापर्यंत पोहोचते. नेहमीच्या क्लबने कोणता फटका किती लांब जातो, हा हिशोब इथे कोलमडतो. म्हणजे घड्याळ चालू असते, तरी त्या दिवशी ते निरुपयोगीच ठरले असते. हा विचार मला फार सुखावून गेला.

सव्वाचार इंच व्यासाचे भोक, जे आज जगभर प्रमाण आहे, तेही इथल्याच 1829 सालच्या भोक पाडण्याच्या यंत्राच्या मापाचे मानले जाते. तेव्हा दोन फुटांवरून पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, चुकला की दोष भोकाला देण्याची सोय याच मैदानावर अधिकृतपणे उपलब्ध आहे. 1889 च्या ओपनमध्ये अँड्र्यू कर्कल्डीने जेमतेम इंचभर अंतरावरचा चेंडू निष्काळजीपणे टोलवायला जाऊन तो चुकवला, बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो विली पार्क धाकट्याकडून हरला. माझे चुकलेले पट त्यामानाने सन्माननीय आहेत.

तक्रार एकच उरते, आणि ती नावांबद्दलच आहे. नऊ होलमध्ये एका बाईचे नाव आहे, तेही गुत्तेवालीचे. पण 1810 च्या डिसेंबरात इथल्या क्लबने मासळी विकणाऱ्या बायकांच्या गोल्फ स्पर्धेसाठी टोपली आणि शाल बक्षीस ठेवली होती, आणि त्या बायकांच्या नावाचा होल मात्र नाही. गॅसच्या कारखान्याला होल मिळतो, समुद्रस्नानाच्या गाडीला मिळतो, आणि पाठीवर मासळीची टोपली वाहून वर गोल्फ खेळणाऱ्यांना मिळत नाही, हे मला पटत नाही. म्हणून मी माझ्या स्कोअरकार्डावर एका होलचे ‘द टेबल’ हे रुक्ष नाव पेन्सिलीने खोडून शेजारी ‘कोळिणी’ असे लिहितो.

कंपनीचे नवे पत्र परवा आले: जुने घड्याळ परत केल्यास नव्यावर सवलत. उत्तर पाठवलेले नाही. रविवारी कोळिणींवर सहा फटके लागले, चौथ्यावर पाच.