काच, लाकूड की तेलाचा डबा?

भाचीचा फोन आला. ती पुण्यात आर्किटेक्चर शिकते, सुट्टीत घरी नागपूरला असते. "मामा, नव्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, सगळं ठरलंय. कॅबिनेटवर गाडी अडलीय. तीन फोटो पाठवलेत, त्यातलं एक सांग." फोटो उघडले, कॉम्प्युटरचे भाग ज्यात बसवायचे त्या खोक्यांचे: लियान लीचं ओ११ डायनॅमिक, फ्रॅक्टलचं नॉर्थ आणि कूलर मास्टरचं एनआर२००. तिन्ही कॅबिनेटं चांगलीच आहेत. पण ती तीन अगदी वेगळ्या माणसांना समोर ठेवून बनवलेली आहेत, आणि त्या तिघांत माझी भाची कुठेच नाही.

आमच्या वेळी असला पेच नसायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत असेंबल करून घेताना कॅबिनेट सगळ्यात शेवटी यायचं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आत बसवलेलाच, आणि दुकानदार विचारायचा ते एवढंच, काळं देऊ की करडं? त्या खोक्याच्या बाजूच्या पत्र्याला आतून प्लॅस्टिकचं एक नरसाळं असायचं, आठवतंय? ती इंटेलची करामत. बाहेर ३५ अंश असले तरी प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, असा त्यामागचा हिशोब होता. मे महिन्यातल्या नागपूरला हा ३५चा आकडा सांगून बघा.

ओ११ डायनॅमिक २०१८ सालचं. लियान लीने ते 'डेरबाउअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमान हार्टुंग या जर्मन ओव्हरक्लॉकरला (म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्याला) बरोबर घेऊन बनवलं. त्यामुळे वॉटर कूलिंगवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटर पाणी फिरवून थंड ठेवणाऱ्यांना, जे जे हवं ते सगळं त्यात आहे: समोर आणि बाजूला काच, केबली आणि एसएमपीएस पलीकडच्या वेगळ्या कप्प्यात, वर, खाली आणि बाजूला मिळून १२० मिमीच्या नऊ पंख्यांची जागा. पुढे अनेक कंपन्यांनी याच धाटणीची 'फिश टँक' कॅबिनेटं काढली. देखणं आहे, वाद नाही. पण नऊ पंख्यांची फक्त जागा मिळते, पंखा एकही मिळत नाही. ते वेगळे घ्यायचे. समोर काच असल्यामुळे हवा खालून आणि बाजूने ओढायची, आणि जमिनीवर ठेवलंत तर खालून काय ओढलं जातं ते घरी झाडू मारणाऱ्याला विचारा. जाळ्या आहेत, पण त्या काढून धुवाव्या लागतात. शिवाय काचेवरची धूळ दिसते. पत्र्यावरची दिसत नाही, हा पत्र्याचा मोठाच गुण.

एनआर२००ची गोष्ट जास्त मजेची आहे, आणि ती या कॅबिनेटच्या आधी सुरू होते. मोठ्या कंपन्या लहान खोकी नीट बनवत नाहीत म्हणून वैतागलेल्या हौशी लोकांनी हार्डफोरम या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर एकत्र येऊन स्वतःच एक खोका आखला. प्रोसेसरचा कूलर केवढा मावावा, कार्ड किती लांब असावं, यावर मिलिमीटरच्या हिशोबाने चर्चा केली, २०१३ मध्ये इंडिगोगोवर लोकवर्गणी काढली आणि लियान लीकडून तो बनवून घेतला. ते एनकेस एम१, अॅल्युमिनियमचं, १२.६ लिटरचं. वापरणाऱ्यांनीच आराखडा केला की काय निघतं याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

एनआर२०० आलं २०२० मध्ये. एम१वाल्या लोकांना जे हवं होतं तेच, पण पोलादी पत्र्यात, थोडं मोठं करून आणि खिशाला परवडेल असं. आकार १८.२५ लिटर. किराणा दुकानातला १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढा. याच मापाने नॉर्थ अडीच डबे आणि ओ११ तीन डबे. पुढचा पत्रा, दोन्ही बाजू आणि वरचं झाकण हाताने ओढून निघतं, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ३३० मिमी लांबीचं कार्ड मावतं, म्हणजे एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९०सुद्धा (३०४ मिमी).

मग भाचीला हेच का सांगितलं नाही? कारण लहान खोक्याचा खर्च खोक्यावर छापलेला नसतो. यात मुख्यतः मिनी-आयटीएक्स मापाचा मदरबोर्ड बसतो, म्हणजे १७ सेंमीचा चौकोन. तो आपल्याकडे मोजक्याच दुकानांत मिळतो, महाग पडतो आणि त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात. एसएमपीएसही लहान, एसएफएक्स मापाचा, तोही नेहमीच्या एटीएक्सपेक्षा महाग. कूलर साधारण १५५ मिमी उंचीपर्यंत. गंमत म्हणजे कूलर मास्टरचाच खूप खपलेला मूळ हायपर २१२ इव्हो १५९ मिमीचा आहे, म्हणजे घरचाच कूलर घरच्या खोक्यात मावत नाही! भाचीने ठरवलेला बोर्ड त्याहून मोठ्या, मायक्रो-एटीएक्स मापाचा आहे. एनआर२०० घ्यायचं तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही बदलायला लागले असते.

तरी एका प्रश्नावर मी थांबलो होतो. "सुट्टीत नागपूरला येताना कॉम्प्युटर बरोबर आणणार?" हो म्हणाली असती तर मी वाढीव खर्चासकट एनआर२००च सांगितलं असतं. ट्रॅव्हल्सच्या गाडीत पायाशी ठेवता येईल असं या तिघांत तेच एक आहे (फक्त ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्यायचं, नाहीतर खड्ड्याखड्ड्यात स्लॉटवर ताण येतो). पण ती म्हणाली, कोर्स संपेपर्यंत पुण्यात, मग कायमचा नागपूरला. म्हणजे हलवायचा एकदाच.

उरलं नॉर्थ. फ्रॅक्टल ही स्वीडनची कंपनी. पूर्वी त्यांची ओळख होती ती बाजूंना आतून आवाज शोषणारं अस्तर लावलेल्या, तोंड बंद असलेल्या 'डिफाइन' मालिकेची. थंड देशात, शांत खोलीत ते शोभतं. आपल्याकडे सीलिंग फॅनच्या आवाजात कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज ऐकायला येतोच कुठे? २०२२ मध्ये आलेल्या नॉर्थने वेगळा माणूस निवडला: ज्याचा कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत आहे आणि ज्याला तिथे गेमिंगचा झगमगाट नकोय. समोर खऱ्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या, काळ्या रंगात अक्रोड, पांढऱ्यात ओक. पट्ट्यांमागे बारीक जाळी, जाळीमागे १४० मिमीचे दोन पंखे, आणि ते किमतीतच येतात.

लाकूड बघून मी आधी नाक मुरडलं होतं. पण नागपूरसाठी कामाचं आहे ते त्याच्या मागचं. हे दोन्ही पंखे हवा आत ढकलतात, बाहेर फेकणारा पंखा मुळात दिलेलाच नाही. आत दाब थोडा जास्त राहतो, त्यामुळे फटींमधून हवा बाहेर पडत राहते आणि धूळ यायची ती मुख्यतः जाळीतूनच येते. जाळी पुसली की काम झालं. मागे एखादा पंखा जरूर लावा, पण तो पुढच्या दोघांवर कुरघोडी करणारा नको. पूर्ण एटीएक्स बोर्ड बसतो, १७० मिमी उंचीपर्यंतचा कूलर आणि पुढचे पंखे ठेवूनही ३५५ मिमीचं कार्ड मावतं. तिचं दोन पंख्यांचं कार्ड तर आरामात.

डीव्हीडी ड्राइव्हची जागा तिन्हींत नाही. ज्यांना अजून सीडीवर काम द्यावं लागतं त्यांनी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा.

आणखी दोन गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाहीत. विदर्भात उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. त्याच्या झोताच्या समोर कॅबिनेट ठेवायचं नाही, ओल आणि धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो. दुसरी, मागच्या स्लॉटच्या पट्ट्या. कार्ड बदलताना काढलेली पट्टी परत लावायला कंटाळू नका. मी कंटाळलो होतो. त्या फटीतून पाल आत गेली आणि पंख्याला भिडली. पुढचं लिहीत नाही.

शेवटी भाचीला म्हटलं, नागपूरच्या कॉम्प्युटर टेबलाखाली सीपीयूचा खण आहे ना, त्याची रुंदी आईला मोजायला सांग. उत्तर आलं, २३ सेंमी. ओ११ची रुंदी २७.२ सेंमी, म्हणजे तो विषय तिथेच संपला. नॉर्थ २१.५, बसतं. पण खणाला मागून फळी ठोकलेली आहे, गरम हवा तिथेच कोंडणार. फळी काढायला सांगितलंय. ताई म्हणते, टेबल लग्नातलं आहे, फळीला हात लावायचा नाही.