आधी टाऊन हॉल, मग मातीत हात: कोल्हापुरातली संग्रहालयं आणि कलावर्ग

मे महिना लागला की कोल्हापुरात चित्रकलेच्या आणि शाडूकामाच्या वर्गांचे फलक गल्लोगल्ली झळकतात. फी किती, वेळ काय, साहित्य मिळणार का, एवढं त्यावर असतं. पोरगं घरी काय करून आणणार याची चौकशी सगळे पालक करतात. ते काय बघून येणार हे कुणी विचारत नाही. वास्तविक या गावात बघायची सोय उत्तम आहे. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. पहिली सकाळ संग्रहालयात घालवायची, आणि वर्गाची फी त्यानंतर भरायची.

सुरुवात टाऊन हॉलमधल्या संग्रहालयापासून. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या बागेतली ही इमारत 1872 ते 1876 या काळात उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे नवा राजवाडाही आखला. आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर थांबा. टोकदार कमानी आणि उतरती छपरं हा यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) आयता धडा आहे. कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजूंच्या उतरत्या रेषा पट्टीशिवाय कागदावर घ्यायच्या. समोरून काढायला गेलं की मुलं शाळेच्या चित्रातलं घर काढतात, म्हणून कोपराच धरायचा.

आतला खरा ऐवज ब्रह्मपुरीचा. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर 1945-46 मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातल्या वस्तू हाती आल्या. त्यांत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. मूर्ती इतकी लहान की घाईतला माणूस पुढे निघून जातो. शिकणाऱ्याने मात्र इथेच वेळ काढावा. शरीराचं वजन एका पायावर आहे, त्यामुळे कंबर एकीकडे कलते आणि खांदे तोल सावरायला उलट बाजूला जातात. वर्गात ‘बॅलन्स’ म्हणून सांगतात तो हाच. वहीत फक्त तीन रेषा काढायच्या: खांद्याची, कंबरेची आणि कण्याची. एवढं जमलं की मातीचा माणूस खांबासारखा ताठ होत नाही. हत्तीवर बसलेल्या माणसांचा छोटा कांस्यसमूहही असाच थांबून बघावा. इतक्या कमी जागेत इतकी माणसं एकमेकांत न हरवता कशी बसवली आहेत ते कळतं.

चित्रांत आबालाल रहिमान यांच्यापाशी थांबायचं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि रंकाळा, कोटितीर्थ हा परिसर त्यांनी जलरंगांत आणला. काचेमागचं जलरंगचित्र समोरून बघितलं तर खिडकीचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघा. पाणी आणि आकाश पातळ रंगात आहे का, गडद रंग कुठे सर्वांत शेवटी पडला आहे, उजेडाच्या जागी पांढरा रंग लावलाय की कागद कोरा सोडलाय, हे तीन प्रश्न धरून एकच चित्र वीस मिनिटं बघायचं. सगळी दालनं एका दमात उरकली तर संध्याकाळी फक्त तलवारी आठवतात.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आकाराने लहान, घरगुती, आणि आमच्या मते नवशिक्यांना जास्त उपयोगी. सिनेमातले चंद्रकांत आजोबांना माहीत असतात आणि नातवाला चित्रं आवडतात, त्यामुळे तीन पिढ्या एकत्र न्यायला ही जागा बरी. त्यांचं पावडर शेडिंग बघून पोरांना वाटतं की हे सोपं आहे. घरी करून बघा: कागद थोडा खरबरीत हवा, पावडर कापसाने गोल फिरवत थोडी थोडी चढवायची आणि उजेडाची जागा खोडरबराने काढायची. हाताचा घाम कागदाला लागला की तिथे पावडर चिकटून डाग बसतो आणि तो निघत नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवला की काम भागतं. दोन्ही संग्रहालयं सरकारी, सोमवारी बंद.

अगदी लहान मुलं असतील तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम. बलुतेदारांची कामं माणसाएवढ्या पुतळ्यांतून दाखवली आहेत. कुंभाराच्या पुतळ्यापाशी हातांची ठेवण दाखवायची: एक हात आतून, एक बाहेरून. अर्धा दिवस आणि टोपी, दोन्ही लागतात.

आता वर्ग. शाडूचा वर्ग निवडताना पहिला प्रश्न हा: माती मळलेली देणार की मळायला लावणार? मळलेला गोळा हातात देणारा वर्ग सोयीचा असतो, पण अर्धी विद्या तिथेच गळते. कोरडी शाडू चाळून, किलोला पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी घालून रात्रभर मुरवायची आणि सकाळी मळायची. बोटाला चिकटली तर पाणी जास्त. गोळी वळून चेपल्यावर कडा फाटल्या तर कमी. सहा इंची बसलेल्या मूर्तीला एक ते दीड किलो मळलेली माती धरा. एका मुलाला अर्धा किलो देऊन ‘गणपती करा’ म्हणणारे वर्ग आहेत. तिथून जे घरी येतं तो गणपती कमी आणि उंदीर जास्त असतो.

बिघडतं ते बहुधा जोडावर. हात, सोंड, कान नुसते दाबून लावले की वाळताना गळतात. दोन्ही बाजूंना काट्याने रेघोट्या मारायच्या, मधे पातळ कालवलेली माती लावायची, मग दाबून जोड बोटाने पुसून एकजीव करायचा. आधार म्हणून आत तार घालायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, म्हणून चीर नेमकी तारेवरून जाते. सोंड पोटाला टेकवली की आधार आपोआप मिळतो. मातीत बारीक कातरलेला काथ्या मिसळला तर चिरा कमी होतात. वाळवायचं सावलीत, वर सैल ओलं फडकं टाकून. उन्हात ठेवली की बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला ओला गाभा त्याला फोडतो. पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसांत रंगवूनच देणाऱ्या वर्गाच्या मूर्तीचे पोपडे निघणारच.

जलरंगाच्या वर्गात कागद तपासा. पातळ ड्रॉइंग पेपरवर ओला हात फिरवला की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. दोष मात्र मुलाच्या माथी. 300 जीएसएमचे (म्हणजे जाड) चार कागद हे पातळ कागदाच्या वहीपेक्षा स्वस्त पडतात, कारण एकेकाचे चार तुकडे होतात. गोल ब्रश 6 आणि 10 नंबर, एक इंची चपटा, दोन डबे पाणी, एवढं पुरे. एकच डबा देणाऱ्या वर्गात दहा मिनिटांत सगळ्यांचं आकाश राखाडी होतं. पहिला थर अर्धवट ओला असताना दुसरा टाकला की कोबीच्या फुलासारखे डाग उठतात. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघायची. गार लागला तर अजून थांबायचं.

ज्येष्ठांसाठी बैठक बघा. जमिनीवर चटई टाकून तीन तास शाडू करायला लावणारा वर्ग गुडघ्यांना झेपत नाही. टेबल आणि वर फिरवता येणारा पाट हवा. ज्यांना दहावीच्या वाढीव गुणांसाठीच वर्ग हवा त्यांनी तसं सरळ सांगावं. सरकारी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणीला 7, बीला 5, सीला 3 गुण मिळतात आणि त्यासाठी सरावाचा वर्ग वेगळाच असतो. हौसेच्या वर्गात ती अपेक्षा ठेवली की दोघांचीही चिडचिड होते.

वर्गाची शेवटची परीक्षा म्हणजे फसलेल्या मूर्तीचं काय करतात ते विचारणं. पूर्ण वाळू द्यायची, फोडायची, पाण्यात टाकायची. खडखडीत वाळलेली माती लगेच सुटते, अर्धवट ओली मात्र तशीच गोळा धरून बसते. हे ज्या सरांना माहीत आहे त्यांच्या बादलीत पुढच्या बॅचची माती आधीच मुरत असते.