‘हेवी डिपॉझिट’ आणि चिपळूणचे मामा

सहा लाख गेले, त्यातले साडेतीन रोख. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत ‘मिळाले असतील हो परत’ या आशेवर बसतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी कोल्हापूरहून मुंबईला बदली झाली. ऑफिस घाटकोपरला. लेकीची बारावी झालेली, तिला मुलुंडला वझे कॉलेजात जायचं होतं. नवरा तिकडेच राहणार, कारण दुकान आणि सासूबाई. म्हणजे मुंबईत आम्ही मायलेकी दोघीच. डोंबिवलीला मावसबहिणीकडे बस्तान टाकलं आणि रोज संध्याकाळी घरं बघायला सुरुवात केली.

मुलुंड पूर्वेला साध्या वनबीएचकेचे २८-३० हजार सांगायचे. वर लाखभर डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट नवं केलं की पुन्हा एजंटचा हात पुढे. माझा हातात येणारा पगार ४६ हजार. दोन सोसायट्यांत भाड्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच ‘नॉनव्हेज खाता का’ असं विचारलं. कोल्हापूरच्या बाईला! तिसरीकडे सेक्रेटरी म्हणाले, “जेंट्स कोणी नाही? मग कमिटीला विचारावं लागेल.” लेक खाली मान घालून हसत होती. मला मात्र रडू यायच्या बेतात होतं.

अशात एका एजंटमार्फत विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवारनगरमधली खोली बघितली. म्हाडाची जुनी चार मजली बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर रूम-किचन, खिडकीत तुळस ठेवायला जागा. वस्ती मराठी. समोर पोळी-भाजी केंद्र, कोपऱ्यावर रात्री अकरापर्यंत उघडं असणारं मेडिकल. मी काय कमी सावध? एकदा सकाळी, एकदा रात्री साडेनऊला स्टेशनपासून चालत गेले. रस्त्यावर दिवे कुठे आहेत, कुठे नाहीत ते बघितलं. शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते ते विचारलं. बाकड्यावर बसलेल्या दोन आज्यांशी बोलले. “पोरीबाळी रात्री क्लासवरून एकट्या येतात हो,” एक म्हणाली. ते खरंच होतं. त्या वस्तीत मला एका दिवसाचाही त्रास झाला नाही. वस्ती मी अगदी चोख पारखली होती. मालक मात्र पारखायचा राहिला.

खोली दाखवणारा माणूस पस्तिशीचा, गोड बोलणारा, मला ‘ताई’ म्हणणारा. म्हणाला, रूम मामांची आहे. मामा बेस्टमधून निवृत्त होऊन चिपळूणला गेलेत, गावी घर बांधायला काढलंय, म्हणून एकरकमी पैसे हवेत. सहा लाख हेवी डिपॉझिट, भाडं शून्य. सोडताना सहाच्या सहा लाख परत.

मुंबईत नवीन असणाऱ्यांसाठी सांगते, हेवी डिपॉझिट ही काही कुणी काल काढलेली युक्ती नाही. इथे तो जुना रिवाज आहे. मालकाला पैशांची नड असते, भाडेकरूला दरमहाचा खर्च नको असतो, आणि असे कितीतरी व्यवहार नीट पार पडतात. म्हणून तर माणूस फसतो. सगळंच खोटं असतं तर कुणी उभंही राहिलं नसतं.

पण हिशोब करायला हवा होता, आणि माझा तर जन्म आकडे जुळवण्यात गेलाय. त्या खोलीचं भाडं बाजारात १८ हजार होतं, म्हणजे वर्षाला २,१६,०००. सहा लाख वापरायला मिळावेत म्हणून कुणी तेवढ्यावर पाणी सोडत असेल, तर तो ३६ टक्के व्याज देतोय. सोनं तारण ठेवलं तरी माणसाला याहून कितीतरी स्वस्त पैसे मिळतात. मग चिपळूणच्या मामांना काय वेड लागलं होतं? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ‘भाडं शून्य’ हे दोन शब्द ऐकले आणि डोकं बंद झालं. पाटल्या मोडल्या, एफडी मोडली, दीरांकडून एक लाख उसने घेतले.

कागदांचं म्हणाल तर लाइट बिलावर नाव दुसरंच होतं. “मामांचं आहे ताई.” कुलमुखत्यारपत्राची झेरॉक्स दाखवली. मूळ कागद? “मामांकडे.” मामांशी फोनवर बोलू का? “त्यांना ऐकू कमी येतं.” मी म्हटलं, रजिस्ट्रेशन करूया. त्यावर तो म्हणाला, एवढ्या डिपॉझिटवर स्टॅम्प ड्युटी फार बसते, नोटरी पुरे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी झाली. लाल शिक्का, गोल मोहर, मला वाटलं पक्कं काम झालं. नंतर मी स्वतः गणित मांडलं. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे भाड्याच्या अशा कराराला, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. भाडं शून्य आणि डिपॉझिट सहा लाख धरलं तर अकरा महिन्यांचं शुल्क होतं दीडशेच्या आसपास. नोंदणी फी हजार. ही ती ‘फार बसणारी’ ड्युटी! आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोटरीने त्यातलं काहीच भागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला लाज वाटते. तो म्हणाला, “सोसायटीत विचारलं तर माझी चुलतबहीण सांगा. भाडेकरू म्हटलं की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावतात.” मी सांगितलं! हे चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते जादा पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ पासूनचा आदेश आहे. आमच्या बिल्डिंगचं सेवाशुल्क ९०० रुपये, म्हणजे महिन्याला फार तर ९० रुपये वाढले असते. तेवढ्यासाठी मी एका भामट्याची चुलतबहीण झाले, आणि ज्या एका माणसाकडून मला खरं कळलं असतं, त्या सेक्रेटरीकाकांशी सहा महिने खोटं बोलले.

जून ते नोव्हेंबर मजेत गेले. नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी बेल वाजली. दारात धोतर-सदऱ्यातले एक आजोबा, हातात कापडी पिशवी. लाइट बिलावरचं नाव सांगितलं त्यांनी. मी आनंदाने म्हटलं, “मामा ना तुम्ही? या, या.” ते गोंधळून म्हणाले, “कुणाचा मामा?”

मराठीत ‘मामा बनवणं’ म्हणतात, ते आम्हा दोघांचंही झालं होतं. त्या माणसाने आजोबांकडून खोली रीतसर भाड्याने घेतली होती, ५० हजार डिपॉझिट आणि १८ हजार भाड्याने, तेही नोंदणीकृत करार करून, स्वतःच्या नावावर. माझ्या पैशांतून चार महिने त्यांना भाडं पोचवलं. ऑक्टोबरपासून बंद. एकूण १,२२,००० खर्च करून उरलेले ४,७८,००० घेऊन तो गेला. भाडं दोन महिने चुकलं म्हणून आजोबा एसटीने मुंबईला आले. त्यांना ऐकू अगदी स्वच्छ येत होतं.

आजोबांकडे तो करार बघताना माझे हातपाय गळाले. त्या कागदाची इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणी झालेल्या कराराचा गोषवारा, ही सरकारी नोंद आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर अशा नोंदी शोधता येतात, मी एकदाही शोधल्या नव्हत्या. पण नुसतं ‘रजिस्टर केलं की झालं’ असंही समजू नका. घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येणारा माणूस आधार तपासतो, खोली कुणाची हे तपासत नाही. ते कळतं सोसायटीत. खोली कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मूळ बघायचं, मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात त्याही बघायच्या, मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावे फाटतं ते विचारायचं. सेक्रेटरीकाकांनी मला हे सगळं नंतर पाच मिनिटांत दाखवलं. “आधी आला असतात तर चहा पाजून दाखवलं असतं,” म्हणाले. आणि पैसे द्यायचे ते करारात मालक म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. रोख मागितली की उठायचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचं कामही ‘मी ऑनलाइन करतो’ म्हणणाऱ्यावर सोडू नका, पावती मागा.

पोलिस ठाण्यात आधी ऐकवलं गेलं की हा दिवाणी वाद आहे, वकील बघा. तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा आजोबा आणि मी एकत्र गेलो, दोन्ही करार शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा दाखल झाला. मग भांडुपमधलं एक कुटुंब आणि टागोरनगरातली एक नर्स पुढे आली. माणूस तोच, फक्त तिथे मामा सावंतवाडीचे होते. एजंटचं म्हणणं, “मी फक्त गाठ घालून दिली.” ब्रोकरेजचे १५ हजार त्याने परत केले नाहीत.

आजोबांनी आम्हाला बाहेर काढलं नाही. “पोरीचं वर्ष जाईल,” म्हणाले. आता त्याच खोलीत १८ हजार भाड्याने राहतोय, करार रजिस्टर केला, मुद्रांक आणि फी मिळून दीड हजार लागले. दीरांचे लाख रुपये अजून फिटायचेत.

ज्या खात्यात मी अडीच लाख पाठवले होते, ते पोलिसांनी गोठवलं. त्यात १,१४० रुपये निघाले. तक्रारदार आम्ही चार.